ओविनो उहुरूवर लिहायचंय, पण संपादक म्हणतात बातमी संपली

नवी_बातमीदार
नैरोबीत राहते, पत्रकारितेचं शिक्षण नुकतंच झालंय. केनियातल्याच मोम्बासाच्या ओविनो उहुरू वस्तीशेजारी एका कारखान्यात जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचे. ते मुलांच्या रक्तात उतरलं. 2020 मध्ये कोर्टाने 1.3 अब्ज शिलिंग भरपाई दिली, अपिलात ती गेली, डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा मंजूर केली. संपादकांच्या मते विषय संपला. मला पटत नाहीये. पुढे काय शोधू?

खाडीकाठ
संपला कसला! खरं काम आता आहे. मी बरीच वर्षं नायजेरियात पोर्ट हारकोर्टला राहून ओगोनीलँड या तेलपट्ट्यावर लिहिलं. तिथे सगळं एका पाहणी अहवालावर अडतं. तेल सांडलं की कंपनी, सरकारी खातं आणि गावकरी मिळून कारण लिहितात. पाइप गंजला म्हटलं तर भरपाई, बाहेरच्याने फोडला म्हटलं तर कंपनी सुटते. तिथल्या बोडो गावाला 2008 मध्ये शेल या तेल कंपनीच्या पाइपमधून दोनदा गळती झाली. अहवालात सांडलेलं तेल कमी दाखवलं होतं, हे शेलने पुढे लंडनच्या खटल्यात मान्य केलं आणि 2015 मध्ये 5.5 कोटी पौंड द्यायला तयार झाली. मच्छीमारांचे अश्रू सगळ्यांनी छापले, मीही. पण तो कागद वाचणारे फार थोडे होते.
तू भरपाईची यादी मिळव. वस्ती सोडून गेलेल्यांची नावं आहेत का? रक्ततपासणीचे कागद कुणाकडे आहेत? आणि 2020 च्या निकालात माती साफ करायचाही आदेश होता, त्याचं काय झालं ते विचार.

मीठ_भाकर
ओविनो उहुरूचा लढा उभारणाऱ्या फिलिस ओमिडोंना भेटशीलच, सगळे त्यांच्यापासूनच सुरुवात करतात. त्याच कारखान्यात कामाला होत्या, त्यांच्या मुलालाही शिसं बाधलं. लढ्यात त्यांना अटक झाली, हल्लाही झाला. म्हणून सांगते, एकटी जाऊ नकोस, आणि मुलांची नावं छापू नकोस. शिसं बाधलेलं पोर हीच त्याची ओळख होऊन बसते.

नवी_बातमीदार
खाडीकाठदादा, यादी वकिलांकडे मागू की कोर्टाच्या रजिस्ट्रीत?

खाडीकाठ
दोन्हीकडे, लेखी अर्ज करून. पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. नाही म्हणाले तर तेही लेखी माग, ती तुझी पहिली बातमी.