नेरुळच्या रो-हाउसचा पोटमाळा: जॉइस्ट हँगर कोणते?

नमस्कार मंडळी,
नेरुळच्या आमच्या रो-हाउसमध्ये उतरत्या छपराखाली सामानासाठी पोटमाळा करायचाय. जागा ४ बाय ३ मीटर, कड्या सागाच्या. इथे इंग्लंडात ४७ मिमी रुंदीचे जॉइस्ट हँगर (लाकडी कडीचं टोक झेलणारे पत्र्याचे आधार) कुठेही मिळतात. दिवाळीत येताना तेच आणू का? किती लागतील?
– लीड्स

*

ताई, ४७ चे आणू नका. तिकडचं लाकूड रंधून एका मापात येतं. आपल्याकडे वखारीत ‘दोन बाय सहा’ मागितलं की साधारण ५० बाय १५० मिमी मिळतं आणि एकाच नगात दोन-तीन मिमी फरक निघतो. मग सुतार प्रत्येक टोक तासून बसवतो. एक घट्ट, एक सैल. सैल कडी पुढे पावलागणिक कुरकुरते. आधी सगळ्या कड्या एका रुंदीला रंधून घ्या, मोजा, मगच हँगर ठरवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हँगर कशाला लटकणार? विटांच्या सांध्यात ओठ अडकवायचा जो हँगर तिकडे मिळतो, त्याला वर साधारण ६७५ मिमी पक्कं बांधकाम लागतं, ते ओठ दाबून धरतं. आपल्याकडे घर आरसीसीच्या सांगाड्याचं, मधली भिंत बहुधा साडेचार इंची, नुसती भरलेली. तिच्यावर भार द्यायचाच नाही. पोटमाळ्याच्या उंचीवर वीतभर प्लास्टर फोडून बघा. काँक्रीटचा बीम लागला तर त्यावर ७५ बाय १५० ची आडवी तुळई १२ मिमीच्या अँकर बोल्टने, दर ४०० मिमीला, एक वर एक खाली अशी आवळा. ड्रिल सळईला लागलं तर भोक ५० मिमी सरकवा, सळई कापू नका. बीम नसेल तर दोन्ही टोकांना लोखंडी आय-सेक्शन (इंग्रजी I आकाराची तुळई) टाकावं लागेल आणि हँगरचा विषयच बदलेल.

तुळईच्या तोंडावर खिळ्यांनी बसणारा साधा हँगर घ्या. उंची कडीच्या निदान ६० टक्के, म्हणजे इथे किमान ९० मिमी.
– नेरुळ

*

हिशोब देतो. ३ मीटरच्या कड्या दर ४०० मिमीला: ४ मीटरात ११ कड्या, २२ हँगर. वापराचा भार २ आणि स्वतःचं वजन ०.५ किलोन्यूटन प्रति चौ. मी. धरला तर एका कडीवर ३ किलोन्यूटन, प्रत्येक टोकाला दीड, म्हणजे सुमारे १५० किलो. ५० बाय १५० चा साग यात मध्यावर ८ मिमीच्या आसपास वाकतो, चालण्याजोगं आहे. पुस्तकांचे खोके रचायचे असतील तर हा हिशोब पुरत नाही, कड्या १७५ च्या करा.

जिन्याच्या तोंडापाशी कड्या तोडल्या तर कडेच्या कड्या जोडीच्या करा आणि तिथे दुप्पट रुंदीचे हँगर लावा. हे दोन-चार नग नेहमी विसरले जातात.
– ठाणे, घोडबंदर रोड

*

काका, खिळे कुठले? सुतार म्हणतो जिप्समचे काळे स्क्रू चालतील.
– लीड्स

*

अजिबात नाही. ते स्क्रू कडक असतात, आडव्या भाराखाली वाकत नाहीत, डोक्यापाशी तुटतात. ३.७५ बाय ३० मिमीचे गॅल्वनाइज्ड पिळाचे खिळे घ्या. तेवढेच तिकडून आणा. हँगर बनवणाऱ्याने सांगितलेलं प्रत्येक भोक भरायचं, ‘एकाआड एक’ नाही. साग फाटतो, म्हणून आधी ३ मिमीचं भोक पाडा.

कडीचं टोक आणि हँगरची पाठ यांत ६ मिमीपेक्षा जास्त फट नको. खिळे मारण्याआधी कडी वरून ठोकून तळाला पूर्ण टेकवा. तळाशी फट राहिली तर भार तळाऐवजी बाजूच्या खिळ्यांवर येतो.

हँगर इथेच करून घ्यायचे तर कळंबोलीहून ३ मिमी पत्रा, तुर्भे किंवा रबाळ्यात लेझर कटिंग आणि बेंडिंग. आतला कोपरा गोलसर येतो, म्हणून कडीच्या खालच्या कडा थोड्या मारून घ्या, नाहीतर ती कोपऱ्यावर तरंगते. भोकं, वाक, वेल्डिंग सगळं झाल्यावरच गॅल्वनाइज करा, म्हणजे जस्ताचा थर द्या. आपली दमट हवा कापलेल्या उघड्या कडेपासून पत्रा खाते. वाळवीसाठी तांबंयुक्त औषध मारलेलं लाकूड असेल तर जस्त लवकर जातं, तिथे स्टेनलेसच हवं.

आणि ताई, पोटमाळ्याची उंची १.५ मीटरच्या आत ठेवा. नियमात त्याहून उंच जागा सामानाचा माळा धरत नाहीत. झोपायची खोली करायची असेल तर आधी महापालिकेची परवानगी, मग सुतार.
– नेरुळ