प्रतिसाद: एकीकरणाची किंमत

क्रांतिकारक सेनानी गॅरिबाल्डीच्या हजारभर स्वयंसेवकांनी इटलीचे एकीकरण घडवले, हे मत दक्षिणेपुरते मान्य आहे. १८६० मधील सिसिली आणि नेपल्सचे यश निःसंशय त्यांचे. मात्र उत्तरेतील डाव सार्डिनिया राज्याचा (म्हणजेच पीडमाँटचा) पंतप्रधान काव्हूर याचा होता आणि त्याची किंमत चर्चेत आलेली नाही. १८५९ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध मिळालेल्या फ्रेंच मदतीच्या मोबदल्यात पुढच्याच वर्षी सव्हॉय आणि नीस हे प्रदेश फ्रेंच सम्राट तिसऱ्या नेपोलियनला देण्यात आले, आणि नीस तर खुद्द गॅरिबाल्डीचे जन्मगाव! काव्हूरने आपल्याला इटलीतच परके केले, असे गॅरिबाल्डीने १८६१ मध्ये तुरीनच्या संसदेत सुनावले. नव्या राष्ट्राच्या पहिल्या राजानेही ‘दुसरा’ व्हिक्टर इमॅन्युएल हेच नाव कायम ठेवले, म्हणजे क्रमांक जुन्या सार्डिनियाच्या गादीचाच राहिला. माझ्या मते एकीकरणापेक्षा पीडमाँटचा विस्तार झाला, या आक्षेपाला तिथेच बळ मिळते.