खेळाडू ते कॉलेजची बास्केटबॉल कोच: आधी काय करायचं?

प्रश्न: बहीण बी.ए. झाली, शिवाजी विद्यापीठाकडून खेळली आहे. कोल्हापुरातच कॉलेजच्या मुलींना शिकवायचंय. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा की एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी)?

उत्तर १: दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, ताई. कायम पद शारीरिक शिक्षण संचालकाचं. आधी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), मग ५५ टक्क्यांनी एम.पी.एड., वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. शिवाय फिटनेस टेस्ट: तिशीपर्यंतच्या महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर. नुसत्या डिप्लोम्यावर फार तर मानधनावरचं काम मिळतं.

उत्तर २: तरी एनआयएस सोडू नका. वर्षभर जमत नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे. चांगली खेळाडू आपोआप चांगली कोच होत नाही. स्वतःला सहज जमलेलं पायरीपायरीनं फोडून सांगणं हेच अवघड.

उत्तर ३: कोर्टवरचं सांगतो. मुलींना ६ नंबरचाच बॉल द्या. मुलांचा ७ नंबरचा जड पडतो, मग जोर काढायला कोपर बाहेर जातं आणि शॉटची सवय बिघडते. दुसरं, लँडिंग. गुडघे आत वळले की एसीएलला, म्हणजे गुडघ्यातल्या मुख्य अस्थिबंधाला, धोका. गुडघाभर उंच ठोकळ्यावरून दोन्ही पायांवर उतरवा, समोरून मोबाईलवर शूट करा, गुडघा पंजाच्या रेषेत येतोय का बघा. ८-८ उड्यांचे तीन सेट, तेही वॉर्मअपनंतर लगेच, दमल्यावर नको.

प्रश्नकर्ती: बी.पी.एड.चा फॉर्म आधी बघते मग.