मुंबईच्या बेस्टचे बस नंबर कशावरून ठरतात? आणि कंत्राटाची गाडी नक्की कोणाची?

घाटकोपरकर:
२३१ जुहूला, ३०२ मुलुंडला, ५०५ बेलापूरला. या आकड्यांमागे काही पद्धत आहे का? आणि गाडी कंत्राटदाराची, मग नंबर बेस्टचा कसा?

निवृत्त स्टार्टर:
माझी नोकरी चौकीवर गाड्या सोडण्यात गेली, म्हणून सांगतो. पद्धत आहे. २०० च्या आतले नंबर शहराचे, २०० चे पश्चिम उपनगरांचे, ३०० चे मध्य उपनगरांचे, ४०० चे पूर्व-पश्चिम जोडणारे, ५०० चे नवी मुंबईकडचे, ७०० चे मीरा-भाईंदरकडचे. अपवाद आहेतच. ३३२ कुर्ल्याहून अंधेरीला, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला जाते, तरी तीनशेंतच. जुन्या पाट्यांवर समोर मराठी आकडा असायचा, इंग्रजी बाजूला, आणि लिमिटेडचा, म्हणजे मोजक्याच थांब्यांवर थांबणाऱ्या गाडीचा, नंबर लाल. छोट्या थांब्यावरच्या माणसाला लांबून लाल दिसलं की कळायचं, ही काही थांबायची नाही.

माहीमची मीनल:
काका, कंत्राट हा प्रकार अलीकडचाच ना?

निवृत्त स्टार्टर:
मीनलताई, खासगी कंपनी मुंबईला नवी नाही. १८७४ ची घोड्यांची ट्राम कंपनीचीच. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली, तीही कंपनीचीच. पालिकेने कारभार हाती घेतला तो ७ ऑगस्ट १९४७ ला.

आताच्या वेट लीजमध्ये, म्हणजे या कंत्राटाच्या पद्धतीत, गाडी, ड्रायव्हर, देखभाल कंत्राटदाराची. मार्ग, नंबर, तिकिटाचा दर बेस्टचा. कंत्राटदाराला पैसे किलोमीटरमागे मिळतात, म्हणजे गाडी भरली काय, रिकामी गेली काय, त्याचा हिशेब तोच. मला खटकतो तो ड्रायव्हरचा पगार. ऑगस्ट २०२३ मध्ये याच ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं आणि बेस्टच्या नंबरावर थांबलेली माणसं ताटकळली. त्या पोरांचं म्हणणं रास्त होतं. एकाच मार्गावर, त्याच गर्दीत गाडी हाकणाऱ्या बेस्टच्या आणि कंत्राटाच्या ड्रायव्हरच्या पगारात एवढी तफावत असू नये. बेस्टने स्वतःच्या गाड्या वाढवाव्यात, हे माझं ठाम मत आहे.

घाटकोपरकर:
मग गाडी थांब्यावर न थांबता गेली, तर तक्रार कोणाकडे करायची?

निवृत्त स्टार्टर:
बेस्टकडेच. मार्ग क्रमांक, गाडीचा नंबर, थांबा आणि वेळ लिहा. नुसतं ‘बस थांबली नाही’ लिहिलंत तर कोणती गाडी, कोणाची गाडी, काहीच शोधता येत नाही.