गेटपासून पोर्चपर्यंत भराव, मुरूम किती ब्रास मागवू?

कळंब्याला घर आहे, गाडी लावायची 30 बाय 10 फूट जागा एक फूट खाली आहे आणि पावसात पाणी थेट पायरीला लागतंय, किती मुरूम लागंल?

> भावा 300 घनफूट म्हणजे 3 ब्रास, पण दाबल्यावर बसतो म्हणून पावणेचार धर. ट्रॉली आली की आतून टेप लावून माप घे, नुसत्या बोलण्यावर नको.

> काळी माती स्वस्तात देतो म्हणाला कोण तर अजिबात घेऊ नका!! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, वरचं काँक्रीट फुटतं.

> दादा आधी गवत मुळासकट काढा, ते कुजलं की जमीन खचते. मग सहा-सहा इंचाचे थर, थोडं पाणी मारून रोलर. उतार घराकडनं गटारीकडं, दहा फुटाला अडीच इंच तरी.