मदत हवी आहे: जमिनीवरच्या महाकाय चिन्हांचं कोडं कसं उलगडू?

मी आमच्या रोल-प्लेइंग गेमच्या कॅम्पेनचा (अनेक सेशन चालणाऱ्या कथेचा) डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आहे. मागच्या सेशनला पार्टी (खेळाडूंची पात्रं) ग्रिफनवरून, म्हणजे अर्ध्या गरुड-अर्ध्या सिंहाच्या उडत्या प्राण्यावरून, पठार ओलांडत होती आणि खाली त्यांना एक अवाढव्य साप आणि एक अर्धवट सोडलेलं वर्तुळ दिसलं, पेरू देशातल्या वाळवंटातल्या प्राचीन नाझ्का रेषांसारखं, म्हणजे वरचे काळपट दगड बाजूला करून खालची फिकट जमीन उघडी केलेली. आता सगळे विचारतायत कुणी काढलं, का काढलं!

इंग्लंडमधला अफिंग्टनचा सुमारे 110 मीटर लांब पांढरा घोडा लोकांनी पिढ्यानपिढ्या साफ ठेवला म्हणूनच टिकलाय, नाहीतर कधीच गवताखाली गेला असता. तसं इथेही सापाच्या कडेला कुदळीचे ताजे घाव दाखवलेत. पण कोण राखतंय, कशाच्या भीतीने? आणि वर्तुळ अर्धवट का, हे खेळाडूंनी स्वतः शोधावं असे क्लू कसे पेरू? पोर्टल (दुसऱ्या जगात नेणारं जादुई दार) सोडून काहीही सुचवा, ते आधी वापरलंय.