हळदीच्या पानांऐवजी काय?
पातोळ्यांना (तांदळाच्या पिठात गूळ-खोबरं भरून पानात वाफवतात त्या) हळदीचं पान मिळत नसेल तर केळीचं चालेल का, असं एकांनी विचारलंय. चालेल, उकड चिकटणार नाही. पण वास? तो विसरा, आणि पातोळ्यात खरी गंमत त्याचीच. पर्याय म्हणून पिठात हळदपूड तर मुळीच नको. नुसता पिवळा रंग आणि कडवटपणा येतो. आम्ही सांगलीकर याबाबतीत सुखी, श्रावणात शिवारभर हळद हिरवीगार. पान नुसतं चुरगाळलं तरी बोटांना वास राहतो. तुम्ही मे-जूनमध्ये कुंडीत कोंब आलेलं ओलं हळकुंड पुरा, श्रावणापर्यंत पानं हाताशी. जास्तीची पुसून फ्रीजरमध्ये ठेवा.
तसंच अळूच्या फदफद्यात, म्हणजे पातळ भाजीत, चुका ही आंबट पालेभाजी नसेल तर चिंच किंवा आमसूल घाला, आंबट मात्र हवंच, नाहीतर घसा खवखवतो.